घोडा, शेपटीसकट

"दुकानात एक फोन आला होता," अप्पा भात कालवता कालवता म्हणाले. "घोडा छापून हवाय म्हणे."

मास्तरांना ठसका लागला. पाणी नाकातून बाहेर आलं. शेजारी बसलेल्या बायकोने पाठीवर दोन धपके घातले, तेही गरजेपेक्षा जरा जोरात, कारण सकाळपासून ती सगळ्यांवरच चिडलेली होती.

मास्तर म्हणजे या घरचे जावई. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी मास्तरांच्या पायाशी दुसरा, असल्या गाडीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. दिवसभर लोकांना "हळू, हळू, आरशात बघा" सांगून त्यांच्या अंगात जो वांडपणा साठायचा, तो सुट्टीच्या दिवशी कुठून तरी बाहेर पडायचाच. मागे त्यांनी गल्लीच्या टोकाच्या फोटोवाल्याला साहेबी आवाजात फोन केला होता. म्हणाले, नव्या नियमाप्रमाणे प्लास्टिकच्या वस्तू छापणाऱ्या प्रत्येक मशीनला घंटी बांधणं सक्तीचं आहे, तपासणी होईल. फोटोवाल्याने मुकाट बांधली. मशीनचं डोकं इकडून तिकडे सरकलं की टिणटिण, परत आलं की टिणटिण. गिऱ्हाइकं बघायला यायची. खरं कळल्यावर त्याने मास्तरांना शिव्या घातल्या, घंटी मशीनवरून काढली आणि दुकानाच्या दाराला लावली. वाया कशाला घालवा.

आणि परवा मास्तरांनी सासऱ्यांनाच फोन लावला होता. नाक चिमटीत धरून म्हणाले होते, "एक घोडा छापून हवाय हो. पांढरा. शेपटीसकट." अप्पा पलीकडे नुसते "हं, हं" करत राहिले होते. मास्तरांनी फोन ठेवला आणि गाडीत एकटेच पोट धरून हसले. सिग्नल सुटलेला कळलाच नाही.

आता तो घोडा जेवणाच्या टेबलावर येऊन उभा राहिला होता. मास्तरांनी नॅपकिनमध्ये तोंड लपवलं आणि मजा बघायला सज्ज झाले.

"कसला घोडा?" ताईने विचारलं.

बायकोला या घरात सगळे ताई म्हणायचे, कारण ती थोरली. इस्पितळात अपघात विभागात ती मुख्य सिस्टर होती, आणि घरातही तिचा आवाज तसाच लागायचा. विचारलं की समोरच्याने कुठे दुखतंय ते सांगूनच टाकावं.

"आता घोडा म्हणजे घोडा," अप्पा म्हणाले. "काळा हवाय. आज पाचला येतो म्हणाला."

काळा? मास्तरांनी नॅपकिन खाली केला. त्यांनी तर पांढरा सांगितला होता. पाचचंही काही बोलले नव्हते. म्हातारा फोडणी घालतोय, ते मनात म्हणाले. शेपटी मात्र विसरला. एवढी छान शेपटी.

"बुद्धिबळातला असेल," बारक्या म्हणाला. बारक्या म्हणजे ताईचा भाऊ. आता चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, तरी बारक्याच. "परवा एकाने उंट मागितला होता."

"आणि बंदुकीचा असेल तर?" ताई म्हणाली.

टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. वहिनीने, म्हणजे बारक्याच्या बायकोने, डाव परत पातेल्यात ठेवला.

"झालं," बारक्या म्हणाला. "मी म्हणतच होतो, भाजीपर्यंत तरी थांबेल."

कारण उद्या सकाळी नगरभवनात सुनावणी होती, आणि ह्या घरात गेला महिनाभर दुसरा विषयच नव्हता. लोक घरच्या घरी मशीनवर बंदुकांचे भाग छापायला लागले होते. नंबर नाही, शिक्का नाही, कुणी बनवली त्याचा पत्ता नाही. त्यावर नियम करायचा ठरत होता. असली बंदूक बनवायला बंदी, तिचे आराखडे वाटायला बंदी, एवढ्यावर कुणाचंच भांडण नव्हतं. भांडण पुढच्या कलमावर होतं. छपाईचं मशीन चालवणाऱ्या प्रत्येक दुकानाला परवाना, आणि मशीनमध्ये एक कुलूप. कुलूप म्हणजे आतला प्रोग्राम. त्याला काही बंदुकीसारखं वाटलं की मशीन जागच्या जागी बंद. मसुदा करणाऱ्या समितीत ताई होती. आणि खाली दुकानात तसली तीन मशीनं चालवून पोट भरत होता तिचा सख्खा भाऊ.

"तुझं कुलूप आंधळं आहे, ताई," बारक्या म्हणाला. "मी त्याचा नमुना लावून बघितला. चष्म्याची काडी अडवली त्याने. आजीबाईंच्या कुबडीची मूठ अडवली. का, तर वाकडी आहे! जगातल्या निम्म्या कामाच्या वस्तू वाकड्या असतात. मी काय सरळ पट्ट्या छापत बसू?"

"सुधारेल ते."

"सुधारेपर्यंत मी काय खाऊ?"

"आणि सुधारेपर्यंत मी काय शिवू?" ताई शांतपणे म्हणाली. "त्या पोराच्या हातात फुटली ती. स्वतःच छापलेली. अंगठा मी ट्रेमध्ये उचलून ठेवला, बारक्या. आणि ज्याच्यावर धरली होती तो पलीकडच्या खाटेवर. दोघांच्या आया एकाच बाकावर बसलेल्या. एकमेकींना पाणी देत होत्या. त्यांना माहीतच नव्हतं कोण कुणाची."

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. मास्तरांनाही त्या बाकावर काही गंमत सुचत नसे.

"वाईटच आहे ते," बारक्या म्हणाला. "पण मी छापली का ती? पोस्टमन पाकीट फोडून बघतो का आत काय लिहिलंय? मी फाइल घेतो, छापतो, देतो. मी विचारत नाही. दुकानाच्या पाटीवरच लिहिलंय, 'आणा, छापून न्या.'"

"ती पाटी मला कधीच आवडली नाही," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आता तुम्ही नका..."

"नाही, ऐक. मी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचो तेव्हा काय छापलं नाही? पुढाऱ्यांची पत्रकं छापली, त्यांना शिव्या देणारीही छापली. पण खाली, अगदी बारीक खिळ्यात का होईना, छापखान्याचं नाव. ज्याला नाव नको, त्याचं काम नको. तुझ्या ह्या प्लास्टिकवर कुठे नाव असतं? सगळा बिननावी माल."

"बटणाच्या पोटात काय नाव घालू, अप्पा? कुणी वाचणार आहे?"

"वाचायला नसतंच ते," अप्पा म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

"आणि अप्पा," ताई म्हणाली, "ज्याला मारायचंय तो नाव घालायला येईल होय तुमच्याकडे? तो घरी मशीन घेईल."

अप्पांनी ताक संपवलं.

इथवर वहिनी ताईच्या बाजूने होती. उघड नाही, पण मास्तरांची नजर आरशात बघायला शिकलेली, त्यांना मागच्या सीटवरचं सगळं दिसायचं. बारक्या तावातावाने बोलला की वहिनी वाटीत बघायची, आणि ताई बोलली की तिच्या पानात न विचारता भाजी पडायची. पंधरवड्यापूर्वी कोण कुठला एक माणूस काहीतरी छापायला घेऊन आला होता, बारक्याने नेहमीप्रमाणे विचारलं नव्हतं, आणि वहिनीला तेव्हापासून खाली मशीन घुरघुरलं की झोप लागत नसे. तिने हे फक्त ताईला सांगितलं होतं. ताईने फक्त मास्तरांना. मास्तरांनी, कमाल म्हणजे, कुणालाच नाही.

पण आता ताईने ताट बाजूला सरकवलं आणि जे म्हणाली त्याने वहिनीचा डाव हवेतच राहिला.

"मी हे उद्या सांगणार."

"काय सांगणार?"

"हेच. माझ्या वडिलांच्या छापखान्यात एका माणसाने फोन करून घोडा मागितला. भर दिवसा, बिनधास्त, जसं कुणी भाजी मागतं तसं. उद्या मतं पडणार आहेत. अजून चार-पाच जण कुंपणावर बसलेत. त्यांना वाटतं, हे सगळं कुठेतरी दूर घडतं. सांगते त्यांना किती दूर ते."

"ताई," वहिनीच म्हणाली, "दुकानाचं नाव घेणार तुम्ही?"

"नाव घ्यायची गरजच नाही. माझे वडील कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग आमच्याकडे कोण येईल? हे बंदुका छापतात म्हणतील. कुलूप राहिलं बाजूला, पाटीच उतरवावी लागेल." वहिनीने डाव आपटला. ताईच्या पानात पडायची भाजी तिथेच थांबली. "तुमचं पटतं मला. खरंच पटतं. पण आमच्याच अंगावर पाय देऊन नका चढू."

"वहिनी, मी खोटं बोलत नाहीये."

मास्तरांचा घास तोंडात फिरत राहिला. कारण ती खोटं बोलत नव्हती, पण उद्या जे बोलणार होती ते खोटं होतं. त्यांच्या नाकातून आलेलं. त्या एका फोनवर उद्या भरल्या सभागृहात हात वर होणार, बारक्याची तीन मशीनं बंद पडणार, आणि मग कधीतरी, ह्या गल्लीत काय लपून राहतंय, कुणाला तरी कळणार की तो घोडा ताईच्याच नवऱ्याचा. मग ताई कुठल्या तोंडाने इस्पितळात जाणार? आणि त्या बाकावरच्या दोन आया, त्यांचंही हसं.

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना दुसरा ब्रेक सापडेना.

"आणि पाचला येतोय ना तो? मी आत्ताच पोलिसांना कळवते," ताई उठली.

"बस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हाला आज सकाळपासून हसू येतंय, मी बघतेय."

"अगं बस. तो घोडा माझा आहे."

"काय?"

"मी केला होता फोन. परवा. गंमत म्हणून." त्यांनी नाक चिमटीत धरलं, कारण नुसतं सांगून पटणार नव्हतं. "'एक घोडा छापून हवाय हो.' असा."

बारक्या आधी बघत राहिला, मग खुर्चीत मागे रेलून असा हसला की खुर्ची कुरकुरली. "भाऊजी! अहो भाऊजी! ताईचा पुरावा!"

ताई हसली नाही. ती परत बसली, अगदी हळू, जशी एखाद्या पेशंटजवळ बसते. "तुम्हाला माहीत होतं मी उद्या कुठे जाणार आहे."

"हो."

"आणि तरी."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. "घरात कुणी हसतच नव्हतं गं. तू बारक्याशी बोलेनास, वहिनी झोपेना, अप्पा दोन्हीकडे मान डोलवतात. मला वाटलं, जरा..." त्यांनी नॅपकिनची घडी घातली. "चुकलं माझं."

"घंटी बांधायची आता तुमच्या गळ्यात," ताई म्हणाली. पण तिचा हात टेबलावर त्यांच्या हाताजवळ येऊन थांबला. रागाचा भर ओसरला की तिला आधी सुटकाच वाटायची, हे मास्तरांना संसाराच्या अनुभवावरून ठाऊक होतं. आपल्याच भावाच्या दुकानाला उद्या नख लावायचं नाही, ही सुटका.

अप्पा मात्र खुशीत होते. त्यांनी हसून बत्तीशी दाखवली. निम्मी त्यांची, निम्मी डॉक्टरची.

"मला माहीतच होतं," ते म्हणाले. "जावईबुवा, मी खिळे उलटे वाचत जन्म काढला. तुमचं नाक मला ऐकू येत नाही होय? मी म्हटलं, बघू तर खरं जेवताना कबूल होतात का. दोन्ही वेळा ओळखलं मी."

"वा, अप्पा!" बारक्या म्हणाला. "तुम्ही तर भाऊजींचे..."

"दोन्ही वेळा?" मास्तरांनी विचारलं.

"हो. पहिल्या वेळी शेपटीचं सांगितलंत तेव्हा आणि काल परत. कालचा आवाज छान काढला होतात हं. अगदी साधा, नाक नाही, काही नाही. मी म्हटलं, सुधारलेत. म्हणून मीही सोडलं नाही. म्हटलं, या की, उद्या पाचला या. काळा ना? छापून देतो."

"अप्पा," मास्तर म्हणाले, "मी एकदाच फोन केला होता."

"काढा आता अजून आवाज."

"अप्पा. आईशप्पथ. एकदाच. पांढरा सांगितला होता मी."

अप्पांची बत्तीशी हळूहळू आत गेली. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, आणि ह्या वेळी मास्तर खरं बोलतायत हे त्या घरात सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं, कारण ते नाकातून नव्हतं.

"मी त्याला हो म्हटलं," म्हातारा म्हणाला. "मी हसत हसत हो म्हटलं त्याला."

खाली मशीन घुरघुरत होतं. बारक्याने कुणाच्या तरी पंख्याचं पातं लावून ठेवलं होतं.

"नंबर?" वहिनीने विचारलं.

"दुकानाचा जुना फोन. त्यावर कुठला नंबर दिसतोय."

"पोलिसांना सांगू," ताई म्हणाली, पण आता तिचा आवाज विचारल्यासारखा होता.

"सांगू की. काय सांगू?" बारक्या म्हणाला. तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता. "एका माणसाने घोडा मागितला? ते विचारतील, कुठला घोडा? मी काय सांगू, मी विचारलं नाही?"

वहिनी उठली, ताटं न उचलता तिने हात धुतले आणि चपला घातल्या. "मी खाली येतेय," ती म्हणाली. मग सगळेच निघाले.

दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. मागच्या भिंतीला अप्पांचं जुनं पायाने चालवायचं छपाईचं यंत्र चादर पांघरून उभं होतं, शेजारी खिळ्यांचे खण. पुढे काउंटर, त्यावर बारक्याची मशीनं आणि खुंट्यांवर रंगीत प्लास्टिकच्या दोऱ्याची रिळं. शाईचा वास कधीच गेला नव्हता, त्यात वितळलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास मिसळला होता. पाच जणांना तिथे धड उभं राहता येत नव्हतं. अप्पा स्टुलावर बसले, ताई त्यांच्या मागे, वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. मास्तरांनी उगाच एक रीळ उचललं आणि परत ठेवलं.

पाचच्या जरा आधीच तो आला.

गंमत म्हणजे, त्याच्यात काहीच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, कपाळावर जरा घाम. बँकेत रांगेत पुढे उभा असतो तसला माणूस. दाराशी चपला पुसल्या त्याने.

"घोड्याचं बोललो होतो," तो म्हणाला.

"हो," बारक्या म्हणाला. "कुठला म्हणायचा?"

माणसाने खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. "यात आहे. तुम्ही फक्त छापायचं. काळ्यात."

बारक्याने तो उचलला. मास्तर त्याच्या हाताकडे बघत होते. रोज दहा वेळा ह्याच हाताने तो पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, तासाभराने या. आज त्याने लावला आणि फाइल उघडून पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. पोस्टमनने पाकीट फोडलं होतं.

पडद्यावर बोटाच्या पेराएवढा वाकडा तुकडा फिरत होता. वर गोल, खाली शेपूट.

"स्वल्पविराम," अप्पा पुटपुटले.

खरंच स्वल्पविरामासारखाच होता. शिलाई मशीनचा असू शकला असता, खिडकीच्या कडीचा, किंवा दुसऱ्या कशाचाही. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. इतक्या जखमा बघितलेल्या तिलाही कळत नव्हतं. तिच्या कुलपाला तरी कळलं असतं का, कोण जाणे.

"कशाचा भाग आहे?" बारक्याने विचारलं.

हा प्रश्न त्या दुकानात त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा. वहिनीने जिन्यावरून मान वर केली.

"एका मशीनचा."

"कुठल्या?"

"जुनं आहे." माणूस हसला, चांगलं हसला. "तुम्ही विचारत नाही म्हणाले मला. पाटीवर पण तसंच आहे."

"हो, आहे खरं." बारक्याने मान खाजवली. मग त्याने माउस धरला आणि तुकडा उलटा करून त्याच्या सपाट बाजूवर बाण नेला. "छापतो. फक्त इथे आमच्या छापखान्याचं नाव येईल. बारीक. वाचायला भिंग लागेल."

"नाव कशाला?"

"वडिलांच्या वेळपासूनची पद्धत आहे."

अप्पा स्टुलावर ताठ झाले. पद्धत त्यांची होती, पण बारक्याने ती आत्ता, ह्या क्षणी, उचलली होती हे त्यांना कळलं होतं.

"मला नाव नकोय," माणूस म्हणाला.

"मग मलाही काम नकोय."

माणसाने एकदा सगळ्यांकडे बघितलं. म्हातारा, दोन बायका, रिळाशी चाळा करणारा मास्तर. रागावला नाही. हात पुढे केला, बारक्याने पेनड्राइव्ह काढून दिला.

"राहू द्या मग," तो म्हणाला. "उगाच त्रास दिला." आणि गेला. जाताना दारही नीट लावून घेतलं.

मशीनवर पंख्याचं पातं पुरं झालं आणि पीप वाजलं, तेव्हा वहिनी दचकली.

"शिलाई मशीनचाही असेल," ती म्हणाली.

"असेल," ताई म्हणाली.

"माणूस सभ्य होता."

"तो पोरगाही सभ्यच होता." ताईने भावाकडे बघितलं. "तू विचारलंस."

"काय उपयोग झाला?" बारक्या म्हणाला. "तुझंही खरं, माझंही खरं, अप्पांचंही खरं, आणि तो गेला निघून. उद्या येतो मी तुझ्याबरोबर. कुलूप आंधळं आहे हेच सांगणार मी, पण विचारायला लागतं हेही सांगीन. बस?"

"बस," ताई म्हणाली. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारत असेल तशी.

बारक्याचं लक्ष मात्र दाराकडे होतं. "उजवीकडे वळला तो."

"मग?"

"उजवीकडे फोटोवाला आहे." त्याने फोन उचललासुद्धा. "त्याच्याकडेही माझ्यासारखंच मशीन. आणि तो तर माझ्यापेक्षाही कमी विचारतो."

फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे फोटोवाल्याचा खोकला.

"ऐक," बारक्या म्हणाला, "एक माणूस येईल तुझ्याकडे आत्ता. इस्त्रीचा शर्ट, पेनड्राइव्ह. घोडा छापून मागेल. त्याला आधी विचार कशासाठी ते. नाहीतर नाही म्हण."

फोटोवाला खदाखदा हसायला लागला.

"घोडा! कोण, मास्तर आलेत वाटतं जेवायला? द्या त्यांना फोन, द्या."

मास्तरांनी फोन हातात घेतला. "मीच बोलतोय," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, इतका सपाट. "आज गंमत नाहीये. खरंच सांगतोय. तो माणूस..."

"अहो मास्तर, घंटीच्या वेळी पण हेच म्हणालात, गंमत नाही, तपासणी आहे!" फोटोवाल्याला हसू आवरेना. "मी बांधली होती हो घंटी! आता काय, घोड्याला बांधू?"

"अरे बाबा, ऐक तरी. हवं तर माझ्या बायकोशी बोल..."

"आज आवाज फार गंभीर काढलाय हं. मानलं तुम्हाला. थांबा, थांबा जरा..."

आणि फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. टिणटिण.

"ठेवतो मास्तर, गिऱ्हाईक आलंय."

फोन बंद झाला. मास्तर तो हातात धरून उभेच राहिले. मग काउंटरवर ठेवला, दार उघडलं आणि पायरी उतरायला लागले. मागून ताईने त्यांची बाही धरली.

"थांबा, मी येते," ती म्हणाली. "तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार आहे?"

आणि आयुष्यभर लोकांना हळू, हळू सांगणारा माणूस बायकोचा हात धरून भर गल्लीतून पळत सुटला. न्हाव्याच्या दुकानातून कुणीतरी डोकं बाहेर काढून ओरडलं, "काय मास्तर, आज कुणाची फिरकी?" त्यांनी उत्तर दिलं नाही. गल्लीच्या टोकाला फोटोवाल्याचं दार नुकतंच लागलं होतं, आणि त्यावरची घंटी अजून हलत होती.